एव्हरीवनमध्ये मी येत नाही

४ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून रागावर ताबा. मुळात मी शांत माणूस आहे, पण वस्तू अंगावर येतात. आज टोस्टर आला. तो आता ओट्याखाली पडला आहे आणि पुन्हा असं करणार नाही.

४ नोव्हेंबर, संध्याकाळी
घरचा जुना कॉम्प्युटर घशात काही अडकल्यासारखा घरघरतो. हिच्या सगळ्या फिल्म त्यात आहेत. ही कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. दर वर्षी नव्या मुलांना कॅमेऱ्यासमोर बसवते आणि प्रत्येक मूल हातांच्या खुणांनी स्वतःची एक गोष्ट सांगतं. कित्येक वर्षांचं काम. महिनाअखेर शाळेत त्या फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत, पालक येणार आहेत.

ही म्हणाली, भावाला बोलावते, तो बॅकअप घेऊन देईल. हिचा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. मी म्हणालो, घरात माणूस असताना बाहेरचा कशाला? आमच्या ऑफिसात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद माझ्याशिवाय कोणाला काढता येत नाही. हिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. कौतुक असावं.

५ नोव्हेंबर
एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली. काळी, चपटी, साबणाच्या वडीएवढी. बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकलं. 'स्टार्ट' दाबलं.

अॅक्सेस डिनाइड. फोल्डरला परवानगी नाही म्हणे.

माझं घर, माझं टेबल, माझी डिस्क, आणि मलाच परवानगी नाही. चोराच्या उलट्या बोंबा. डिस्कला एक हलकीशी चापट दिली. मग दुसरी, तितकी हलकी नसलेली. शहाण्याला शब्दाचा मार, यंत्राला हाताचा.

६ नोव्हेंबर
पुन्हा तेच. माउस भिंतीवर आपटला. भिंतीचा पोपडा निघाला, माउस चालू आहे. चांगल्या कंपनीचा दिसतो.

हिने विचारलं, कसला आवाज? सांगितलं, इन्स्टॉल होतंय.

७ नोव्हेंबर, दुपारी
मेव्हण्याचा फोन. ताईने सांगितलं म्हणून केला, म्हणाला. एरर काय येतोय ते जरा वाचून दाखवा. मी म्हणालो, मला वाचता येतं. फोन ठेवला. म्हणजे सोफ्यावर फेकला, पण सोफा जरा पुढे होता.

फोनची काच बदलायला हवी.

८ नोव्हेंबर
विजय.

फिल्मच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी. तिथे नावांची यादी. कुठलीशी 'सिस्टम', कुठले 'अॅडमिनिस्ट्रेटर्स', आणि चक्क 'एव्हरीवन'. म्हणजे आजवर कोणीही ऐरागैरा आमच्या घरात शिरून मुलांच्या फिल्म बघू शकत होता. अंगावर काटा आला. एव्हरीवनपुढच्या 'डिनाय'च्या सगळ्या चौकटी एकेक करून टिक केल्या, प्रत्येक टिकमागे एकेकाला दाराबाहेर ढकलल्यासारखं वाटलं. कॉम्प्युटरने घाबरून विचारलं, नक्की का? म्हटलं, नक्की. एव्हरीवन म्हणजे बाकीचे सगळे. मी घरातला.

मग बॅकअप लावला. चहा उकळायच्या आत पूर्ण. मेव्हणा म्हणत होता रात्रभर चालेल. खाली पिवळ्या अक्षरांत 'कम्प्लीटेड विथ वॉर्निंग्ज' असं आलं. वॉर्निंग बाकीच्यांना असणार.

९ नोव्हेंबर, रविवार
बॅकअप झाला, म्हणजे जुना कॉम्प्युटर आता भंगार. तो कसा टाकावा यावर एक लेख वाचला. नुसता टाकू नये, आतली डिस्क नष्ट करावी, नाहीतर माहिती चोरीला जाते. मी कायद्याने चालणारा माणूस.

बाल्कनीत नेला. खिळे ठोकायचा हातोडा चालेना, म्हणून वरच्या मजल्यावरच्या गवंड्याकडून घण आणला. पहिल्या घावात झाकण. दुसऱ्यात आतली डिस्क बाहेर आली. मग मोजले नाहीत. चकत्या काचेसारख्या फुटल्या. कित्येक दिवसांनी खांदे मोकळे वाटले. गवंडी घण परत घ्यायला आला आणि दारातच थांबला. त्याने विचारलं, कोणाचं काय बिघडलंय का? म्हटलं, काही नाही, सुरक्षितता.

तुकडे पोत्यात भरले. ही माहेरी गेली होती. आल्यावर सांगितलं, तुझं काम झालं. ही हसली. फार दिवसांनी हसली.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळी
हिने शाळेत डिस्क लावली. फोल्डर उघडला. आत काहीच नाही.

सांगितलं, लपल्या असतील. सुरक्षित फाइल्स लपतात.

१३ नोव्हेंबर
डिस्क हलवली, फुंकली, टेबलाच्या कडेवर आपटली. हिने हातातून काढून घेतली आणि भावाला फोन केला. मी टेबलाला लाथ मारली. टेबल शिसवी आहे हे लग्नात सांगितलं होतं, ते आत्ता आठवलं.

१४ नोव्हेंबर, डाव्या हाताने
आज जे झालं त्यात माझी बाजू लिहून ठेवतो.

मेव्हणा आला. शांतपणे डिस्क तपासली. त्याने विचारलं, वॉर्निंग काय होती? मी म्हणालो, बाकीच्यांना होती. मग त्याने एव्हरीवनचं सगळं माझ्याकडून वदवून घेतलं आणि म्हणाला, भावोजी, एव्हरीवन म्हणजे सगळे, त्यात तुम्हीही आलात, आणि ते सॉफ्टवेअरही आलं. त्याला फोल्डर उघडताच आला नाही, रिकामा फोल्डर तेवढा ठेवून ते पुढे गेलं. काही बिघडलेलं नाही, जुन्या कॉम्प्युटरवर टिक काढू की झालं. कुठे आहे तो?

मी बाल्कनीकडे बोट दाखवलं. त्याने पोतं उघडलं. आत हात घालून एक चकचकीत तुकडा काढला आणि मला विचारलं, तुम्ही माणूस आहात का?

एवढं बोलायची गरज नव्हती. मी त्याला एक ठेवून दिली. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, पण ओठ त्याचा होता. दुसरी मारली तेव्हा तो वाकला. मागे लोखंडी कपाट होतं. कपाट वाकलं नाही. त्याने मला कमरेत धरून आडवा पाडला, मी त्याचा शर्ट फाडला, खुर्ची मोडली, कुंडी फुटली, आणि ही दारात उभी होती. तिथून सरळ पोत्याजवळ जाऊन बसली.

हाडांच्या डॉक्टरकडे मेव्हण्यानेच नेलं. एका हाताने गाडी चालवत होता, दुसऱ्या हाताने ओठावर रुमाल. डॉक्टरांनी विचारलं, पडलात का? तो म्हणाला, हो, पडले.

उजवा हात प्लॅस्टरमध्ये. दोन बोटं.

१६ नोव्हेंबर
ही माझ्याशी तोंडाने बोलत नाही. हातांनी बोलते, शाळेत बोलते तसं. पण मुलांशी बोलताना तिचे हात पाण्यात चालल्यासारखे चालतात. माझ्याशी बोलताना हवा कापतात. मूठ तळहातावर अशी आदळते की शेजारी ऐकू जावं. मला एकही खूण येत नाही. कधी शिकलो नाही. पण अर्थ पोचतो.

१७ नोव्हेंबर
मेव्हण्याला फोन करून माफी मागणार. उद्या.

१८ नोव्हेंबर
त्याचाच आला. दरवर्षी ताई प्रत्येक फिल्म त्या-त्या मुलाच्या आईवडिलांना फोनवर पाठवायची, त्यांच्याकडे असतील, म्हणाला. घरोघर जाऊन मागाव्या लागतील. मी म्हणालो, मीही हेच सुचवणार होतो. त्याने फोन ठेवला. ओठ दुखत असेल.

२२ नोव्हेंबर
रोज ऑफिसनंतर घरं. ही आत जाते, मी दारात. प्रत्येक आई विचारते, तुमच्या हाताला काय झालं? पहिल्या घरी अपघात सांगितला. दुसऱ्या घरी अपघात. तिसऱ्या घरी हिने माझ्याआधीच खरं काय ते सांगून टाकलं. त्या बाईने दार अर्धं लोटून घेतलं आणि फोन फटीतून दिला.

२५ नोव्हेंबर
एक सोडून सगळ्या मिळाल्या. एका मुलीची नाही. तिच्या आईचा जुना फोन पाण्यात पडला होता.

आज तिच्याकडे गेलो. मुलगी आता मोठी झाली आहे, वेणी घालते. हिने तिला पुन्हा तीच गोष्ट सांगायला सांगितली, ती कुत्र्याला घाबरून झाडावर चढते ती. मुलीने भराभर सांगितली, आईकडे बघून जांभई दिली. मला वाटलं, चला, सुटलो.

परतताना बसमध्ये ही पहिल्यांदा तोंडाने बोलली. म्हणाली, तेव्हा ती बोबडं बोलायची. मी विचारलं, ती तर बोलतच नाही ना? ही म्हणाली, हातांनी. लहान मुलं हातांनीही बोबडं बोलतात, बोटं नीट मुडपत नाहीत, कुत्रा करायला जातात आणि भलतंच होतं. ते आता कुठून आणू?

मला हे माहीत नव्हतं. कोणावर राग काढावा ते सुचेना.

२९ नोव्हेंबर
शाळेतला कार्यक्रम झाला. मी शेवटच्या रांगेत होतो. लोक हसले, रडले. मला कोणी ओळखलं नाही, हे बरं झालं. एकाने ओळखलं. तो गवंडी. त्याची मुलगी तिथेच शिकते. त्याने माझ्या प्लॅस्टरकडे पाहिलं आणि दोन खुर्च्या सोडून बसला.

३० नोव्हेंबर
मेव्हण्याने नवी डिस्क लावली. एक प्रत शाळेत, एक त्याच्या घरी. मी म्हणालो, यादीत माझंही नाव हवं, मी घरातला आहे. त्याने हिच्याकडे पाहिलं. हिने मान हलवली. त्याने नाव घातलं.

तो गेल्यावर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पाहिलं. हिच्या नावापुढे सगळ्या चौकटींत टिक. शाळेच्या मुख्याध्यापक बाईंच्या नावापुढेही. माझ्या नावापुढे एकच: रीड. म्हणजे बघता येईल, बाकी काही करता येणार नाही.

ठीक आहे. बघू तर बघू. पहिली फिल्म लावली. एक मुलगा बराच वेळ हातांनी काहीतरी सांगत होता. मधेच खूप हसला. शेवटी त्याने कॅमेऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट पाहत बसला.

मी परत मागे घेऊन पाहिली. तीनदा पाहिली.

काही कळलं नाही.