एकट्याला पेलेल एवढी पेटी

दि. ४ मार्च

श्री. लिफ्टवाले यांस,
स. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर तुम्ही ‘हं’ आणि ‘बरं’च्या पुढे जात नाही, म्हणून लेकीकडून कागद मागून घेतला. ऑपरेशन केलेला गुडघा आता बराच वाकतो. व्यायाम शिकवायला बाई येतात, त्या गोड बोलून जीव काढतात. लेक कामावर जाताना पाणी, गोळ्या, रिमोट सगळं हाताशी मांडून जाते. औषधांच्या दुकानात जन्म काढलेल्या बाईला कुठली गोळी कधी घ्यायची ते चिठ्ठीवर लिहून देते. जावई गालातल्या गालात हसतात.

आता मुद्द्याचं. डॉक्टर म्हणाले, चालाल, जिने चढाल, पण उकिडवं बसणं कायमचं बंद. म्हणजे ट्रॅकवर तुमच्या गो-कार्टशेजारी तसं बसून पाने हातात देणं संपलं. इतकी वर्षं केलं, पुष्कळ झालं. येत्या शर्यतीपासून तुमचे तुम्ही. ती अवाढव्य पेटी आपण दोन बाजूंनी धरून न्यायचो. आता एकट्याला पेलतील एवढीच हत्यारं काढा. कंबर धरली तर शेकायला मी तिथे नाही.

लोभ आहेच, तो तसाच चालू द्यावा.

आपली,
कंपाउंडरबाई


दि. ९ मार्च

प्रिय कंपाउंडरबाई,
आशीर्वाद द्यायला मी काही तुझा वडीलधारा नाही, तेव्हा माझेही स. न. वि. वि.

तुझा हुकूम शिरसावंद्य. काल सुट्टी होती. पुढच्या खोलीत चादर अंथरली आणि पेटी उपडी केली. चादर कुठली ते विचारू नकोस. त्या ढिगात काय काय निघालं! आपल्या जुन्या मिक्सरचं झाकणसुद्धा निघालं. ते शर्यतीला कोणी नेलं होतं देव जाणे.

मग प्रत्येक हत्याराला एकच प्रश्न विचारला, की बाबा रे, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात तुझ्यानं काय होणार? इंजिन खोलायचे पाने घरी बसले. ट्रॅकवर इंजिन खोलायची वेळ आली तर शर्यत तशीही संपलेलीच असते. दहाचा आणि तेराचा पाना, लांब दांड्याच्या अ‍ॅलन की, प्लगचा पाना, एक नवा प्लग, पक्कड, चेन तोडायचं यंत्र, तिची जादा कडी आणि थोडी तार घेतली. पायपंप खांद्याला लटकवीन. मोठ्या हातोडीवर मात्र घोडं अडलंय. लिफ्टच्या कामाला जातो तेव्हा एका पिशवीत माझं भागतं, मग ट्रॅकवर आपण अख्खं दुकान का न्यायचो कळत नाही. पेटी आता एवढी हलकी झाली आहे की एका हातानं उचलून घरभर मिरवून आलो.

गुडघ्याला आणि लेकीला सांभाळ. जावयांना सांग, हसू नका, तुमचीही वेळ येईल.

तुझा,
लिफ्टवाला


दि. १४ मार्च

स. न. वि. वि.

पत्र पोचलं. हातोडी नेऊ नका. ती हातात आली की तुम्हाला सगळंच वाकडं दिसू लागतं. चादर कुठली ते न विचारता कळलं. ग्रीसचे डाग गरम पाण्यानं धुऊ नका, पक्के बसतील. पेटी एका हाताला पेलली हे वाचून बरं वाटलं. सगळं कसं सुटसुटीत झालं. सांभाळून चालवा.

बाकी विशेष काही नाही.

आपली,
कं.


दि. १५ मार्च

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे आईला न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र तिनं दोनदा वाचलं आणि घडी घालून उशीखाली सारलं. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, मला नोकरीवरून काढलं गं, आणि वर पेटी उचलून घरभर मिरवले.

बाबा, तुम्ही लिफ्टच्या तारा ओळखता, माणसं कधी ओळखणार? ‘येणार नाही’ असं तिनं लिहिलं ते तुम्ही ‘असं कसं, तू हवीसच’ म्हणावं म्हणून. तुम्ही लगेच चादर अंथरून मोकळे झालात. आता तिच्या मनानं घेतलंय की तुम्हाला ती फक्त पाने द्यायलाच हवी होती. ते काम सुटलं, आता ट्रॅकवर तिचं काय उरलं? व्यायामाच्या बाई आल्या की तिचं डोकं दुखायला लागतं. घरी परतायचं नावही काढत नाही. माझ्याकडे ती जन्मभर राहिली तरी मला आनंदच आहे, पण अशी नको.

रागावू नका. तुमच्यावर माया आहे म्हणूनच हा आगाऊपणा.

तुमची,
लेक


दि. २३ मार्च

प्रिय कंपाउंडरबाई,
स. न. वि. वि.

शर्यत झाली. शेवटून पहिला आलो. मला लागलेलं नाही, पुढचा बंपर तेवढा चेपला आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू स्वस्थ वाचशील.

लेकीनं तुला न सांगता मला पत्र धाडलं होतं. ते मी तुला सांगतोय, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. आदल्या दिवशी पोचलं. वाचून आधी रागच आला. म्हटलं, सांगितलं तेच केलं, तरी खापर माझ्याच डोक्यावर. सकाळी तसाच फुरंगटून निघालो.

सरावाआधी चेन ताणायची होती. गाडीशेजारी आडवा झालो आणि तेराच्या पान्यासाठी हात मागे केला. नेहमीसारखाच, न बघता, तळवा वर. पाना काही येईना. मी वैतागून बोटं हलवली, तेव्हा पलीकडच्या गाडीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हातावर बिस्किट ठेवलं. त्यांना वाटलं, काकांना भूक लागली. आता काय सांगणार? खाल्लं. तिथेच आडव्या आडव्या खाल्लं.

मग टायरची हवा बघावी म्हटलं तर गेज नाही. पेटी झाडली, खिसे झाडले. घरी राहिला म्हणावं, तर चादरीवरही तो नव्हता. तेव्हा डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं मी नुसतं ‘हवा’ म्हणायचो आणि गेज हातात यायचा. तो पेटीतूनच येतो असं मी धरून चाललो होतो. तो तुझ्या पर्समधून येत होता. एकाकडून मोटारीचा गेज मागून आणला. आपल्या टायरांची एवढीशी हवा त्यावर धड दिसतही नाही. अंदाजानं भरली, ती जास्त झाली. शर्यतीत दुसऱ्याच वळणावर मागची चाकं निसटली, गाडी गर्रकन फिरली आणि रचलेल्या टायरांच्या भिंतीला भिडली.

खरं सांगू? तू येणार नाहीस हे वाचलं तेव्हाच ट्रॅकवरची तुझी रिकामी जागा डोळ्यांपुढे आली होती. तिकडे बघवेना म्हणून पेटी उपडी केली. हत्यारं निवडणं सोपं होतं. पाने मी माझे घेईन. बिस्किटं देणारेही भेटतात. पण शर्यत संपली की मी हेल्मेट काढतो आणि तुला शोधतो, हे मला या वेळीच कळलं. काढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा डोक्यावर घालून बसलो.

उंच खुर्ची आणतो. तू काही करू नकोस, पण ये.

तुझाच,
लिफ्टवाला


दि. २८ मार्च

अहो,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र लेक-जावयांना मोठ्यानं वाचून दाखवलं, बिस्किटापर्यंत. पुढचं आतल्या खोलीत जाऊन एकटीनं वाचलं आणि पदर ओला केला. एवढं लिहायला येतं तुम्हाला, तर इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं?

गेज पर्समध्येच आहे, पर्स इथे कपाटात. त्याची काच एकदा तुमच्या हातोडीखाली फुटली, तेव्हापासून मी तो पेटीत ठेवलाच नाही. तसं तुम्हाला सांगितलंही होतं. खुर्ची उंच आणा, पण हातांची आणा, उठताना आधार लागतो. नुसती शोभेला मात्र बसणार नाही. वाकून टायरला गेज लावायचं काम तुमचं, आकडा वाचायचं माझं. तुमचा चष्मा तुम्हाला सापडेपर्यंत शर्यत संपायची. डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, इथून पुढे आमच्या यांना काही देऊ नका.

व्यायामाच्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, तुम्हाला कुठवर चालायचंय? मी म्हटलं होतं, घरातल्या घरात जमलं तरी पुरे. आज त्या आल्या तेव्हा सांगितलं, ट्रॅकच्या फाटकापासून आमच्या जागेपर्यंत. त्यांना ते अंतर काही कळेना. मग काठी घेतली, लेकीचा हात धरला आणि खाली रस्त्यावर उतरून त्यांना चालूनच दाखवलं.

परत येताना तीनदा बसावं लागलं. उद्या दोनदाच बसणार आहे.

लोभ आता पत्रातून कळला, तसाच घरीही कळू द्यावा.

आपलीच,
कंपाउंडरबाई