तळ्याच्या अलीकडे

१२ मार्च २००६, कार्डिफ

रविवार. पेन-इ-फॅन चढून आलो. श. सगळ्यांत पुढे, मी सगळ्यांत मागे, मध्ये विनय आणि मंगल. ते दोघं खास ब्रिस्टलहून आले होते. विनय माझ्या नवऱ्याचा, श.चा, कॉलेजपासूनचा मित्र. श. हाडांचे सर्जन झाले, विनय जी.पी., म्हणजे फॅमिली डॉक्टर. अजून दोघं चढ दिसला की शर्यत लावतात. ऑगस्टमधल्या लडाखच्या ट्रेकची ही तालीम. एक खिंड, खिंडीपलीकडे गाव, गावाच्या वर हिमनदीचं तळं. नकाशा आमच्या फ्रीजवर चिकटवलाय. दूध काढायला गेलं की तेच दिसतं.

उतरल्यावर कॅफे. काउंटरवरच्या मुलीने मला विचारलं, चहा की कॉफी. श. म्हणाले, "टी फॉर हर. नो शुगर." साखर मी कधीची परत घ्यायला लागलेय. बोलले नाही. बिनसाखरेचा प्यायले.

राग येतोय का, ते बघत होते. नाही आला. पूर्वी यायचा.

४ एप्रिल

ब्रिस्टलला इंटरव्ह्यू. घरी सांगितलं, कोर्स आहे. कसला कोर्स ते श.नी विचारलं नाही. "गाडी तू नेणार का?" एवढंच.

पॅनेलवरच्या बाईंनी विचारलं, इतकी वर्षं कार्डिफला भूल दिलीत, आता का सोडताय? म्हटलं, फॉर अ चेंज. त्यांना पुरलं.

७ एप्रिल

नोकरी मिळाली. दोन ऑक्टोबरपासून. लोक कार्डिफहून रोज जाऊन-येऊन करतात. मला ते करायचं नाही. मला तिकडे राहायचंय, एकटीने. श.ना सोडून.

हे पहिल्यांदाच लिहिलं. लिहून काही झालं नाही. मग उठून आमटीला फोडणी दिली.

२० मे

फ्लॅट बघितला. टेकडीवर, एक बेडरूम, किचन इतकं लहान की दोघं उभे राहिले तर एकाला बाहेर जावं लागेल. हो म्हणून टाकलं.

श.ना केव्हा सांगायचं? त्यांनी कधी हात उगारला नाही, फसवलं नाही, केतकीचं शिक्षण नीट केलं, माझ्या आईच्या आजारपणात रजा काढून पुण्याला आले. तक्रार काय, असं कोणी विचारलं तर माझी पंचाईत होईल. मी घरात असते आणि नसते, आणि त्यांना फरक कळत नाही. आताशा मलाही कळत नाही, म्हणून जायचं.

ठरलं. तळ्याशी पोचलो की सांगायचं. तिथे हॉस्पिटलचा ब्लीप वाजणार नाही, फोन नाही, संडे पेपर नाही. ऐकावंच लागेल.

१८ जून

केतकी लंडनहून आली. तिला सांगितलं. तिने बॅग खाली ठेवली. मग, "बाबाला सांगितलंस का?"

नाही अजून.

"आई, it's your life, I get it. पण he'll be lost, तुला माहितेय ना? त्याला वॉशिंग मशीन पण नाही येत."

म्हटलं, सर्जन आहेत, शिकतील. ती हसली, मग रडली. मी टिश्यू दिला. पेशंटच्या नातेवाइकांना देते तसाच दिला, हे नंतर लक्षात आलं. पोटची पोर रडत होती.

६ ऑगस्ट, लेह

सगळ्यांची डोकी जड. विनय प्रत्येकाला उंचीची गोळी देतोय. श.नी एक दिवस घेतली आणि सोडली. बोटांना मुंग्या येतात म्हणे, सर्जनची बोटं आहेत. विनय म्हणाला, "इथे कोणाचे गुडघे बदलणार आहेस?" श.नी ऐकलं नाही. कोणाचं ऐकतात?

मंगलची पिशवी उघडली. मेतकूट, चकल्या, आलेपाक, आवळासुपारीचा मोठा डबा. "तुमच्या गोळ्या राहू देत. शेवटी माझंच सामान लागतं."

१० ऑगस्ट, गाव

खिंड ओलांडली. वर पताका, वारा, फोटो. कॅमेऱ्यात मागे जाऊन बघितला, फोटोत मी हसतेय. हसल्याचं आठवत नाही.

गाव म्हणजे थोडी घरं, सातूची हिरवी शेतं, छपरांवर गवत वाळत घातलेलं. मोटारीचा रस्ता कित्येक मैल लांब. आजारी माणसाला घोड्यावर घालून खाली नेतात, वाटाड्या सांगत होता. त्याचं नाव स्टान्झिन. मुक्काम त्याच्या मावशीकडे. तिने खारा चहा दिला. अजून हवा का, खुणेनेच मला विचारलं. श. म्हणाले, "नो नो, शी इज फाइन." तिला इंग्रजी कळत नाही. तिने माझा कप भरला.

इथे राहावंसं वाटलं नाही. इथून जावंसंही नाही.

१२ ऑगस्ट, तळ्याखालचा मुक्काम

समोरच्या दगडी उतारामागे तळं. उद्या सकाळी तासाभराची चढण.

श.चं डोकं दुपारपासून दुखतंय. जेवले नाहीत. "पित्त झालंय." हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. सासूबाईंचं पित्त, नणंदेचं पित्त, दिवाळीच्या फराळानंतरचं अख्ख्या घराचं पित्त. डोकं दुखून मळमळलं की ते पित्तच, मग घरात डॉक्टर कितीका असेनात.

म्हटलं, उंचीचं असेल, गोळी घ्या. "अगं, माझं मला कळत नाही का? सकाळचे पराठे तेलकट होते." विनय म्हणाला, "याला कॉलेजातही परीक्षेच्या आदल्या दिवशी व्हायचं." मंगलने आवळासुपारी दिली. थोड्या वेळाने उलटी झाली, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. पडलं एकदाचं, आता मोकळं वाटेल. तंबूत तीन डॉक्टर आणि निदान माजघरातलं.

मीही फार ताणलं नाही. माझं डोकं उद्यात होतं. पहिलं वाक्य कोणतं, नोकरी आधी की फ्लॅट आधी. नोकरी आधी.

१३ ऑगस्ट, परत गाव

ते झोपलेत. श्वास ठीक आहे. दर थोड्या वेळाने उठवतेय, मधे लिहितेय.

सकाळी श. बुटाची नाडी बांधायला बसले आणि जमेना. हसत होते. म्हटलं, उभे राहा, पावलापुढे पाऊल लावून सरळ चाला. "हे मी लोकांना करायला लावतो." चालले, आणि लगेच कलले. विनयने धरलं. "बूट नवे आहेत," श. म्हणाले. मार्चपासून तेच बूट घालताहेत.

मेंदूला सूज. पित्तबित्त काही नाही. विनयलाही कळलं, तोंडावर दिसत होतं. पण श.ना नाही म्हणायची त्याला सवय नाही. "वहिनी, तासाभराचं तर आहे. वर हात लावून लगेच उतरू या का?"

म्हटलं, नाही. आत्ता खाली.

श. म्हणाले, "ती दमलीय. ती थांबेल इथे, आपण जाऊ."

मी औषधांच्या पेटीतलं सूज उतरवायचं इंजेक्शन भरलं आणि त्यांच्या मांडीत टोचलं. विचारलं नाही. स्टान्झिनला घोडा आणायला सांगितलं. विनय-मंगलला म्हटलं, तंबू आवरून मागून या. आवाज ऑपरेशन थिएटरमधला होता, घरी तो मी कधी वापरला नाही. श. माझ्याकडे बघत राहिले आणि मुकाट्याने घोड्यावर बसले.

उतरताना पेंगत होते. झोपू द्यायचं नव्हतं, म्हणून मी घोड्याच्या बाजूने चालत बोलत राहिले. केतकीचा जन्म. हॉस्पिटलने दिलेली पहिली खोली, तिथली ओल. त्यांनी मला बर्फात गाडी शिकवली ते. मग विषय संपले. माणसाबरोबर इतकी वर्षं काढली आणि अर्ध्या वाटेत विषय संपले.

मग ते सांगितलं. नोकरी, फ्लॅट, दोन ऑक्टोबर. मी राहणार नाही, असं सरळ. तळ्याशी सांगायचं ठरवलं होतं त्याच क्रमाने.

श. म्हणाले, "बरं."

थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "आई कुठे आहे?" सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली.

१५ ऑगस्ट, नदीकाठ

गावाच्याही बरंच खाली. हवा दाट, श. माणसांत. पेज प्यायले. नाडी स्वतः बांधली आणि मला पाय पुढे करून दाखवली.

विनयने विचारलं, शेवटचं काय आठवतं? "आवळासुपारी." विनय हसला, मग नदीकडे गेला आणि तिकडे तोंड करून बराच वेळ उभा होता. मंगलने मला मिठी मारली. "तू नसतीस तर आज..."

मला काय वाटतंय ते शोधत होते. पाय दुखताहेत. आणखी काही सापडलं नाही.

आता सांगून झालं की नाही झालं? गुंगीतल्या पेशंटने मान हलवली तर मी ती संमती कधी धरत नाही. म्हणजे पुन्हा सांगायला हवं.

२४ ऑगस्ट, कार्डिफ

श.चा स्कॅन ठीक. दोन आठवडे रजा.

सकाळी अंथरुणात चहा आणून दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी घोट घेतला तसं तोंडाकडे बघून म्हणाले, "साखर घेतेस का गं तू?" म्हटलं, एक चमचा. खाली गेले, घालून आणली, ढवळून दिली.

हे आता कशाला?

२ सप्टेंबर

मंडळाचा गणपती, चर्चच्या हॉलमध्ये. जेवणाच्या रांगेत श. सगळ्यांना गोष्ट सांगत होते. "हिने मला घोड्यावर घालून उतरवलं. वाटभर बोलत होती. काय बोलत होती देव जाणे, एक अक्षर आठवत नाही." हशा. एक काकू माझा हात धरून म्हणाल्या, "सातही जन्मांची सोय करून ठेवलीस गं." मी मोदक वाढत राहिले. त्यांना दोन वाढले.

घरी आल्यावर सांगायचं ठरवलं होतं. गाडीत त्यांनी माझ्या पायांवर शाल टाकली. नाही सांगितलं.

१० सप्टेंबर

केतकीचा फोन. "बाबा किती वेगळा झालाय, आई. त्यानी मला विचारलं how I am, आणि मग actually ऐकलं. So... तू अजून जाणार?"

म्हटलं, फ्लॅट घेतलाय.

"That's not an answer."

खरंय. रोज सकाळी ठरवते आणि रोज ते काहीतरी चांगलं करतात. वॉशिंग मशीन शिकले, माझा पांढरा स्वेटर गुलाबी करून. माफी मागितली. पूर्वीचे श. असते तर सोपं होतं. मी ज्यांना सोडणार होते ते कुठेतरी त्या उतारावर राहिले, आणि हे कोण आलेत त्यांच्याशी माझं भांडण नाही. प्रेमही आहे असं नाही. काहीच नाही. हे कोणाला सांगितलं तर मी दगड आहे म्हणतील.

१९ सप्टेंबर

माझ्या हॉस्पिटलात निरोपाचा केक. थिएटरच्या नर्सेसनी कार्ड दिलं. घरी आणलं नाही, लॉकरमध्येच ठेवलं. तेरा दिवस उरलेत आणि मी कार्ड लपवतेय.

२३ सप्टेंबर

शनिवार, दुपारची जेवणं झाल्यावर. मी भांडी धूत होते, श. पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "ब्रिस्टलला सामान केव्हा न्यायचंय?"

मला नळ बंद करायचं सुचलं नाही. पाणी वाहत होतं.

"तुम्हाला आठवतं?"

"सगळं नाही. घोडा आठवतो, तुझा आवाज आठवतो. दोन ऑक्टोबर म्हणालीस."

"मग हॉलमध्ये एक अक्षर आठवत नाही म्हणालात ते?"

"हॉलमध्ये काय सांगायचं होतं?"

म्हणजे तो चहा, ती शाल, तो स्वेटर, सगळं माहीत असताना. विचार करायला वेळ मिळाला नाही. ते पुढे म्हणाले, "एकच विचारायचंय. तुला जायचंच होतं, तर मला खाली कशाला आणलंस?"

रागाने नाही. गुडघा केव्हापासून दुखतो, असं पेशंटला विचारतात त्या आवाजात.

म्हटलं, "पित्त नव्हतं म्हणून."

हसले नाहीत. कोरडं झालेलं ताट पुसत राहिले. मग म्हणाले, "एवढंच?"

मी नळ बंद केला. वाईट वाटलं, फार वाईट. इतक्या महिन्यांनी काहीतरी वाटलं आणि ते नेमकं हे. ते थांबले. माझं उत्तर स्वतः दिलं नाही, फडकं हातात धरून नुसते थांबले, आणि मी म्हटलं, खोक्यांना लावायची टेप संपलीय, घेऊन येते.

दुकानाच्या कार पार्कात बसून लिहितेय. टेप घेतली. ते अजून स्वयंपाकघरातच असतील. गाडी सुरू केलेली नाही.