काचेवरचा कागद काढू नये

मी, खाली सही करणारी, बाजारात 'चष्मेवाल्या बाई' म्हणून ओळखली जाणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा चष्मे विकणे व त्या निमित्ताने लोकांना कादंबऱ्या वाचायला लावणे, आज माझ्याच दुकानात, माझ्याच बाकावर बसून हे मृत्युपत्र करते. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही, औषधाची गुंगी नाही. माझे मन ठिकाणावर आहे. बिघडले आहेत ते डोळे. दोन्हींतला फरक ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी सांगते आहे आणि वकीलसाहेब लिहीत आहेत. "बाई, हे मृत्युपत्रात बसत नाही," असे त्यांनी आतापर्यंत दोनदा म्हणून पाहिले. बसवा, म्हटले.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मात्र माझा धाकटा भाऊ माझ्या वतीने एक तोंडी मृत्युपत्र नातेवाइकांत सांगत फिरतो आहे. त्याप्रमाणे दुकान भाच्याला, म्हणजे त्याच्याच मुलाला, तिथे मोबाइलचे शोरूम, आणि चारही कपाटांतली पुस्तके रद्दीला. ते तोंडी मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. भावाने हे माझ्या तोंडावरही सांगितले, एवढा प्रामाणिकपणा त्याच्यापाशी आहे.

"ताई, तुला आता दिसत नाही. पुस्तकं ठेवून करणार काय?"

"तुला तर स्वच्छ दिसतं," मी म्हटले. "तू काय केलंस?"

तेव्हापासून तो दुकानात आलेला नाही.

कलम २. दुकानाचे वर्णन. रस्त्याला लागून एक गाळा, समोर मोठी काच, आत नंबर तपासायची खुर्ची, फ्रेमांची कपाटे, कादंबऱ्यांची कपाटे, लोकांना बसायला बाक, आणि पडद्यामागे काचा घासायचे मशीन. हे सगळे मी नवऱ्याच्या माघारी स्वतः उभे केले. त्यात भावाचा हात नाही. कादंबऱ्यांच्या कपाटांना त्याने नाक मात्र पहिल्या दिवसापासून मुरडले आहे.

जवळचा नंबर काढताना गिऱ्हाइकाला वाचायला देतात तो तक्ता कंपनीकडून येतो. अक्षरे मोठ्यांकडून बारक्यांकडे जातात आणि मजकूर असा, की निरोगी माणसाचेही डोळे मिटावेत. मी माझा तक्ता स्वतः छापून घेतला. सगळ्यात मोठ्या ओळीत एक बाई दार उघडते. मधल्या ओळीत दारात तिचा मेलेला नवरा उभा असतो. सगळ्यात बारीक ओळीत तो बोलायला तोंड उघडतो, आणि तक्ता संपतो. गिऱ्हाईक विचारते, पुढे काय? पुढचे कपाटात आहे. घेऊन जा, चष्मा न्यायला याल तेव्हा आणून द्या.

यात एक घोळ झाला आणि तो अख्ख्या बाजाराला माहीत आहे. बारीक ओळ दिसत नसली तरी लोक डोळे ताणून, अंदाजाने, हट्टाने ती वाचून काढू लागले. "दिसतंय का?" "दिसतंय, दिसतंय, पण तो बोलतो काय?" नंबर कमी निघू लागले आणि चष्मे परत येऊ लागले. कंपनीचा तक्ता लावा, असे सगळ्यांनी मला ऐकवले. मी लावला नाही. माझ्याच तक्त्याखाली साबणाच्या जाहिरातीच्या दोन ओळी छापून घेतल्या आणि नंबर त्यांच्यावर धरू लागले. साबणासाठी कोणी डोळे ताणत नाही.

नंबराच्या कार्डाच्या मागे मी गिऱ्हाइकासाठी एका पुस्तकाचे नाव लिहीत आले. पुढे नंबर, मागे पुस्तक. नवरा सोडून गेलेल्या बाईला मी रडकी कादंबरी कधी दिली नाही, तिला दरोडेखोरांची दिली. आणि दर शनिवारी दुकानाच्या काचेवर माझा अभिप्राय लागतो. "पहिली चाळीस पाने सोसा, नंतर भाजी करपेल." "लेखकाला निसर्ग फार आवडतो. आम्हाला गोष्ट आवडते." "ज्यांचे सासूशी बरे चालले आहे त्यांनी वाचू नये." हे अभिप्राय वाचून लोक भांडायला आत येत आणि फ्रेम घेऊन बाहेर पडत. त्यामुळे हा धंदा नव्हे असे जे म्हणतात त्यांनी माझे दुकान इतकी वर्षे चालले कशावर ते सांगावे.

कलम ३. दुकानावरच्या दोन खोल्या मी भावाला देते. आमच्या वडिलांच्या पैशांतून घेतलेल्या आहेत, त्याच्यावर रागावले म्हणून त्या माझ्या एकटीच्या होत नाहीत. सोबत दोन भावांची आणि मधल्या भिंतीची ती जाड कादंबरी त्याला देते. त्याने निदान निम्मी वाचावी. निम्म्यात त्याला स्वतःची ओळख पटेल, आणि पटली की पुढचे तो आपणहून वाचील. तो शाळेत असताना त्याला गोष्टी मीच वाचून दाखवीत असे आणि तो 'पुढे काय' म्हणून माझा हात ओढीत असे. तो मुलगा कुठे गेला हे मला खरेच कळत नाही.

कलम ४. माझी बँकेतली शिल्लक माझ्या भाचेसुनेला. ती न्हाणीघरात नळ सोडून ठेवून वाचते. घरात कोणी विचारले तर म्हणते, धुणे होते. या रकमेतून तिने प्रथम स्वतःच्या खोलीला एक दार बसवावे. कडी आतून असावी. उरलेल्या पैशांचे तिला वाटेल ते करावे, कोणी हिशेब मागू नये.

कलम ५. समोरच्या शाळेचे हेडमास्तर कादंबऱ्यांनी मुली बिघडतात असे माझ्या दुकानात उभे राहून सांगत असत आणि जाताना खुनाची कादंबरी वर्तमानपत्रात गुंडाळून नेत असत. शेवटची नेलेली त्यांनी परत केलेली नाही. ती मी त्यांना देऊन टाकते. आता वर्तमानपत्र काढून वाचावी.

कलम ६. दुकान, त्यातील माल, मशीन, चारही कपाटे, बाक, तक्ता आणि समोरची काच मी काचवालीला देते.

काचवाली म्हणजे जी पडद्यामागे काचा घासून फ्रेममध्ये बसवते ती. तरुणपणी आली, केस पांढरे झाले तरी माझ्या एकाही अभिप्रायाशी सहमत झालेली नाही. मी ज्याला डोक्यावर घेते त्या लेखकाला कामधंदा नाही असे तिचे मत. ती पडद्यामागून जोरात बोलते, त्यामुळे गिऱ्हाइकाला दोन्ही मते फुकट मिळतात. दुकान तिला का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे, की माझ्या हो ला हो करणाऱ्याच्या हाती दुकान दिले तर ते महिन्याभरात गप्प होईल.

आता मुद्द्याचे. गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांचा मधला पडदा झिजला. कडेचे दिसते, मधले दिसत नाही. समोर माणूस उभा असेल तर त्याचे कान दिसतात, चेहरा जातो. अक्षर तर मुळीच लागत नाही. हे परत येणार नाही, असे डॉक्टरांनी ज्या दिवशी सांगितले त्या दिवशी मी दवाखान्यातून थेट दुकानात आले. त्या वेळी माझी नावाडिणीची कादंबरी चालू होती. एका नदीवर नाव चालवणारी बाई, आणि त्याच नदीवर बांधला जाणारा पूल. शेवटचे प्रकरण तेवढे राहिले होते. पुस्तक काचवालीपुढे ठेवले आणि म्हटले, वाच.

ती वाचते वाईट. मध्येच "हा मूर्ख आहे, पुढे कळेलच" असे स्वतःचे घालते. त्या दिवशी मात्र सरळ वाचत होती. पुलाच्या उद्घाटनाच्या दिवशी नावाडीण भर प्रवाहात नाव उभी करते आणि साहेबलोकांना ऐकवते, "तुमचा पूल तुम्हाला लखलाभ. माझी नाव मी चालवीन. माझं मी बघून घेईन, तुम्ही आपलं बघा." आणि हसत हसत नदीच्या वरच्या अंगाला निघून जाते.

माझा ऊर भरून आला. पण ही नावाडीण दोनशे पानांत कोणाशी सलग दोन वाक्ये बोललेली नव्हती. शिवाय 'माझं मी बघून घेईन, तुम्ही आपलं बघा' हे मी रोज ऐकते, पडद्यामागून.

"असंच लिहिलंय?" मी विचारले.

"नाही तर काय, मी लिहिलंय?" काचवाली म्हणाली.

शनिवारी काचेवर कागद लागला. मी सांगितला, तिनेच लिहिला. "नावाडीण पुलाला भीत नाही, नाव घेऊन निघून जाते. असा शेवट वर्षात वाचला नाही. घर गहाण ठेवून वाचा." तसे लोकांनी वाचले, आणि पहिले आले ते निवृत्त कंडक्टर.

"बाई, माझ्या प्रतीत ती कुठंच जात नाही हो. ती तर..."

"गप्प बसा. शेवट फोडायचा नाही, हा दुकानाचा नियम आहे."

"पण तुम्हीच तर काचेवर फोडलाय! आणि तोही चुकीचा!"

"माझ्या प्रतीत आहे तसा लिहिलाय," मी म्हटले आणि त्यांना बाहेर घालवले.

मग भावाला हे कळले. त्याने त्या कागदाचा फोटो काढून ठेवला आहे. पुस्तकात नसलेले ताई वाचते, तिचे डोके ठिकाणावर नाही, हा घ्या पुरावा, असे तो म्हणतो. उद्या हे मृत्युपत्र कोर्टात गेले तर तो हाच फोटो पुढे करील. वकीलसाहेबांचा मला आग्रहाचा सल्ला आहे, की कागद आजच काढा. मी काढलेला नाही.

खरे काय ते इथे लिहून ठेवते. मला भ्रम झालेला नाही. शेवट काचवालीने बदलला आणि ते मला तेव्हाच कळले होते. मला त्याचा राग आला आणि तो अजून आहे. दुःखी शेवटाला भिऊ नका, असे अर्ध्या गावाला मी सांगत आले, आणि माझ्याच बाबतीत कोणी दया करून पाने बदलावीत? पण डॉक्टरांनी जे सांगितले ते तिला ठाऊक होते आणि खऱ्या शेवटाची तीन पाने तिला माझ्यासमोर वाचता आली नाहीत, हेही मला कळते. माझ्यासाठी आजवर कोणी ओळसुद्धा लिहिली नव्हती. तिने मशीनपाशी उभ्या उभ्या अख्खा शेवट रचला. म्हणून मी तिचे नाव आजपर्यंत कोणाला सांगितले नाही, वेडी ठरले तरी.

दुकान तिला एका अटीवर. माझ्यामागे, याच बाकासमोर, गिऱ्हाइकांच्या देखत, तिने त्या कादंबरीचा खरा शेवट मोठ्याने वाचावा. एक शब्द इकडचा तिकडे करू नये. मी ऐकायला नसेन, तरी वाचावा. पुस्तक तिने मशीनच्या खणात कुलपात ठेवले आहे, तेही मला माहीत आहे.

कलम ७. हे मृत्युपत्र सहीपूर्वी मला वाचून दाखवायचे आहे. ते काचवाली वाचील. वकीलसाहेबांनी इथे हात जोडले. "अहो बाई, जिला मिळायचंय तिनेच वाचून दाखवायचं? कोर्ट काय म्हणेल?" मी म्हटले, आधी ती वाचेल, मग तुम्ही वाचा. दोन्ही जुळले तर सही करते, नाही जुळले तर कोण काय बदलतो ते सगळ्यांनाच कळेल.

पुरवणी. त्याच दिवशी, सहीपूर्वी.

वरील मजकूर काचवालीने साक्षीदारांसमोर वाचला. सहाव्या कलमात ती थांबली. "मी काही एवढी जोरात बोलत नाही," म्हणाली. पुढे वाच, म्हटले. पुढे ती मध्ये एकदा पाणी प्यायली आणि लिहिले होते तसे सगळे वाचले. नंतर वकीलसाहेबांनी वाचले. दोन्ही जुळले.

त्यावर कोणी सांगितलेले नसताना काचवालीने मशीनचा खण उघडला, पुस्तक आणले आणि म्हणाली, "तुमच्यामागे नाही वाचणार. आत्ताच ऐका, आणि मग मला काय बोलायचं ते बोला."

तिने तीन पाने वाचली. पूल होतो. नावाडीण नाव लाकूडवाल्याला विकते. तिला पूल झाडायचे काम मिळते. ती रोज पूल झाडते आणि पाण्याकडे बघत नाही. पुस्तक संपते. काचवालीने मध्ये स्वतःचे काही घातले नाही, शब्द एकही बदलला नाही, हे कंडक्टर स्वतःची प्रत घेऊन बसले होते त्यांनी ताडून पाहिले. साक्षीला आलेल्या नर्सबाई रडल्या. मी रडले नाही.

सबब कलम ६ मधील अट पुरी झाली, ती काढून टाकावी. दुकान विनाअट काचवालीचे.

तसेच, खरा शेवट स्वतःच्या कानांनी ऐकून, पूर्ण शुद्धीत, माझा अंतिम अभिप्राय नोंदवते. पहिली दोनशे पाने उत्तम. शेवटच्या तीन पानांत लेखक भ्याला आहे. ती बाई पूल झाडणार नाही. दोनशे पाने मी तिच्या नावेत बसले आहे, मला माहीत आहे. पुस्तकात छापले म्हणून मी ते मानणार नाही, आणि डॉक्टरांनी सांगितले म्हणून मीही झाडू हातात घेणार नाही. उद्या शनिवार. नवा कागद लागेल, काचवाली पुढची कादंबरी वाचायला घेईल, आणि मध्ये स्वतःचे घालील तेव्हा मी तिला ओरडेन.

भावाने फोटो खुशाल कोर्टात दाखवावा. काचेवरचा कागद काढू नये. त्याच्याखाली फक्त एवढे वाढवावे: शेवट, काचवालीच्या प्रतीप्रमाणे.

सही मी स्वतः, कोणी बोट न धरता केली आहे. ओळीच्या वर गेली असेल तर माझीच समजावी.

ठिकाण: दुकान, बाकावर
दिनांक: चौदा मार्च, शुक्रवार

सही: चष्मेवाल्या बाई

आमच्यासमोर, वाचून ऐकून, सही केली.

साक्षीदार पहिल्या: समोरच्या दवाखान्यातील नर्सबाई

साक्षीदार दुसरे: निवृत्त बस कंडक्टर (सही मान्य, शेवट अमान्य)