तारीख सोडून बाकी सगळे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभराचा धंदा अकॉर्डियन वाजवणे, सध्याचा धंदा दम खाणे, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. मी ते म्हटले, आणि ठेक्यात म्हटले. छातीबद्दल मात्र त्यांना तसे लिहून देता आले नाही, म्हणून ही घाई. खालील मजकूर मी कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने लिहिलेला नाही.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. त्यात माझे घर मी माझ्या वहिनीच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या पत्नीच्या, नावे केले होते. वहिनी गेल्या हिवाळ्यात वारल्या. घराचे मी त्यांना कधी सांगितले नव्हते. त्या माझ्यामागे राहतील असे मी धरून चाललो होतो.

कलम १. घर. तळमजल्याच्या तीन खोल्या व मागचा ओटा, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती माझ्या पश्चात माझ्या पुतणीला, म्हणजे दादा-वहिनींच्या एकुलत्या मुलीला मिळावी. तिने इथे राहावे, भाड्याने द्यावे की विकावे, यात मी लुडबुड करत नाही. विकायचे झाल्यास घेणाऱ्याला एवढेच सांगावे की मागच्या खोलीची भिंत पातळ आहे. पलीकडच्या शिंपीणबाईंनी तिच्यातून माझा रोजचा रियाज वर्षानुवर्षे सोसला. एकदा त्यांनी दार वाजवून विचारले होते, "अहो, ती वरची तान घेताना रोज तिथंच का अडखळता? माझी सुई तिथंच चुकते." माझी आरामखुर्ची त्यांना द्यावी.

कलम २. बँकेतली शिल्लक. ही ढब्बूच्या औषधपाण्यासाठी व त्याला कुठे जायचे असेल तर टॅक्सीसाठी राखून ठेवावी. त्याच्यानंतर उरेल ते पुतणीचे.

ढब्बू म्हणजे आमचा ड्रमवाला. आम्ही तिघे होतो: दादा ट्रम्पेट, मी अकॉर्डियन, ढब्बू ड्रम. लग्ने, नाचाचे हॉल, हॉटेले, कारखान्यांचे वार्षिक समारंभ, जिथे बोलावतील तिथे आमची जुनी व्हॅन जायची, आणि ती ढब्बू चालवायचा. वाटेत तो स्टिअरिंगवर ठेका धरायचा आणि दादा ओरडायचा, "अरे, दोन्ही हातांनी धर, आपण अजून स्टेजवर नाही!" कार्यक्रम झाला की कलाकारांचे जेवण स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला, बहुतेक वेळा उभ्याने. दादा प्रत्येक ठिकाणचा पाव आधी दाबून बघायचा, मग वास घ्यायचा, मग खायचा. कार्यक्रम नसेल त्या दिवशी तो स्वतः घरी पाव भाजायचा. ट्रम्पेट वाजवणाऱ्याला पीठ कळते असे त्याचे म्हणणे होते, कारण दोन्हींत हवा कुठे कोंडायची आणि कधी सोडायची एवढेच काय ते काम. माझे वाद्यसुद्धा हवेवरच चालते असे मी म्हटले की तो म्हणायचा, "तुझी हवा भात्याची. मी फुप्फुसांचं बोलतोय."

एका रविवारी दुपारी एका मोठ्या हॉटेलात आमचा कार्यक्रम होता. कार्यक्रम संपल्यावर मॅनेजर म्हणाला, पाहुणे आता जेवायला बसतील. ट्रम्पेट आणि ड्रम नकोत, पण अकॉर्डियन हळू वाजत राहिले तर बरे. पुतणीला त्या दिवशी गोवर उठला होता आणि दादाचा जीव घराकडे लागला होता. मी म्हटले, नको, तिघे बरोबरच जाऊ. दादा म्हणाला, "थांब तू. टेबलावर बसून जेवायला मिळेल, ते सोडू नकोस. आणि माझ्यासाठी केकचा तुकडा रुमालात बांधून आण. बघू तरी यांना जमतो का." तो गेला. मी वाजवत राहिलो.

घाटाच्या उतारावर व्हॅनचा ब्रेक लागला नाही. ढब्बूचा पाय गेला, म्हणजे आहे, पण वाकत नाही. दादा जागच्या जागी गेला.

कलम ३. त्या हॉटेलच्या मॅनेजरला माझ्याकडून काहीही मिळू नये. तो हयात नसल्यास त्याच्या वारसांनाही मिळू नये. वकीलबाई म्हणतात की असे लिहिण्याची गरज नसते, न लिहिताही त्यांना काही मिळणार नाही. मला गरज आहे.

फोन आला तेव्हा पाहुण्यांचे सूप चालले होते. मॅनेजरने फोन घेतला, ठेवला, आणि मला काही सांगितले नाही. वाढप्यांना कळले होते. एकेक जण माझ्याकडे बघायचे टाळू लागला. एकाने न मागता पाण्याचा पेला माझ्या शेजारी आणून ठेवला आणि उगाच क्षणभर उभा राहिला. मला वाटले, त्याला गाणे आवडले असावे, म्हणून मी त्याच्याकडे बघून हसलो. मी वाल्ट्झ वाजवला. फर्माईश झाली म्हणून तोच पुन्हा वाजवला. लोकांनी टाळ्या दिल्या आणि मी मान लववली. केक वाढला जात होता तेव्हा मी त्याच वाढप्याला सांगितले, एक तुकडा बांधून दे, माझ्या भावाला हवाय. तो आत गेला आणि बांधून घेऊन आला. कॉफी संपून शेवटचा पाहुणा उठल्यावर मॅनेजरने मला बाजूला घेतले. "जेवण चालू असताना सांगणं बरं दिसलं नसतं," असे त्याचे शब्द होते. हे त्याला मी माफ केलेले नाही. करायला हवे होते असे पुष्कळांनी सांगितले. त्यांचे बरोबर असेल.

कलम ४. ट्रम्पेट. दादाचा ट्रम्पेट माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे. त्याच्या तोंडाशी पोचा आला आहे, तो मी काढून घेतला नाही. वहिनींना तो घरात नको होता. पुतणीने लहानपणी तो मागितला होता तेव्हा मी देऊ शकलो नाही. आता द्यावा. दुरुस्त करायचा की तसाच ठेवायचा, हे तिचे तिने ठरवावे.

कलम ५. अकॉर्डियन. हे वाद्य दुरुस्तीवाल्या म्हाताऱ्याला द्यावे. त्याने ते इतक्या वेळा उघडले आहे की आतून त्याचेच झाले आहे. डाव्या हाताची दोन बटणे दमट हवेत चिकटतात. पुढे कोणाला द्यायचे झाल्यास खांद्यांनी धडधाकट माणूस बघून द्यावे.

कलम ६. ओव्हन, पाव भाजण्याची भांडी, आणि खमिराची बरणी. हेही पुतणीला. पण बरणी घ्यायलाच हवी असे नाही, आणि ते का, हे सविस्तर लिहितो.

दादा गेल्यावर आठवड्याभराने मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनी ही बरणी मोरीत ओतायला निघाल्या होत्या. दादाने ते खमीर, म्हणजे पाव फुगवणारे आंबवलेले पीठ, स्वतः जोपासले होते. "हे रोज खायला मागतं, भावजी," त्या म्हणाल्या. "मला पोरीला दोन घास भरवणं होत नाहीये. याला कुठून घालू?" मी बरणी मागून घेतली. मला तोवर पावातले ओ की ठो कळत नव्हते. पहिले पाव असे निघाले की ढब्बू म्हणाला, दाराला अडसर म्हणून ठेव. हळूहळू हात बसला. ढब्बू पुन्हा ड्रमला बसला नाही, व्हॅनही पुन्हा घेतली नाही. मी एकटाच एका नाचाच्या कंपनीबरोबर फिरू लागलो. बोटीतून, आगगाडीतून, परक्या शहरांतल्या खोल्यांतून ती बरणी माझ्याबरोबर हिंडली. एका सीमेवरच्या अधिकाऱ्याने ती उघडायला लावली, वास घेतला आणि विचारले, "हे जिवंत आहे की काय?" मी म्हटले, "आहे. माझ्या भावाचं आहे." त्याने झाकण घट्ट लावून बरणी माझ्या हातात दिली आणि पुढचे काही तपासले नाही.

दरवर्षी त्या तारखेला मी दोन पाव भाजायचो. एक ढब्बूकडे, एक वहिनींकडे. ढब्बू पाव घ्यायचा, नीट झाला आहे का बघायचा आणि हवापाण्याचे बोलायचा. वहिनी चहा ठेवायच्या. काही वर्षे असे चालले. मग एकदा निघताना त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, एक सांगू? रागावू नका. पुढच्या वर्षी त्या दिवशी येऊ नका. एरवी कधीही या. तुमच्या हातात तो पाव दिसला की पोरगी दाराकडे बघत बसते. तिला वाटतं, मागून तेही येतायत. मग आठवडाभर ती नीट जेवत नाही."

मी म्हटले, बरं. दुसरे काय म्हणणार? पण मनाला लागले. पुढे मी त्या तारखेला मुद्दाम लांबचे कार्यक्रम घेऊ लागलो. पाव कोणाकडेही नेला नाही.

बऱ्याच वर्षांनी एका पावसाळी सकाळी दार वाजले. वहिनी होत्या. छत्री नव्हती, दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. मला वाटले पुतणीला काही झाले.

"तिला काही नाही," त्या म्हणाल्या. "ती सासरी मजेत आहे. भावजी, तारीख होऊन गेली."

"हो. गेल्या सोमवारी."

"मला आज आठवलं. भाजी चिरता चिरता. सोमवारी मी काय केलं माहितीये? पडदे धुतले. गाणं गुणगुणत धुतले." त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. "मीच तुम्हाला येऊ नका म्हटलं होतं. मला विसरायचंच होतं. पण असं विसरायचं नव्हतं हो. मला फार भीती वाटली."

घरात आदल्या दिवशीचा शिळा पाव होता. तो भाजून, लोणी लावून मी पुढे ठेवला. त्या खात राहिल्या. मग म्हणाल्या, "मीठ त्यांच्यापेक्षा जास्त घालता तुम्ही." त्यानंतर ती तारीख आम्ही दोघांनी इथेच, या टेबलाशी काढली. त्या पीठ मळायच्या, मी भट्टी बघायचो. पुढे पुढे त्या तारखेवाचूनही येऊ लागल्या. एकदा मी विचारले, "वहिनी, इकडेच राहायला या ना." त्या म्हणाल्या, "आणि लोकांना काय सांगू? पावासाठी आले?" मी म्हटले, "हो, तसंच सांगा." त्या हसल्या, पीठ लागलेले हात धुतले, कोट घातला आणि घरी गेल्या. तो विषय आम्ही दोघांनीही पुन्हा काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांना इस्पितळात ठेवले. तिथले जेवण घशाखाली उतरत नाही म्हणाल्या, म्हणून मी पाव नेला. "कापून ठेवा," त्या म्हणाल्या, "जरा झोपते, उठले की खाते." मी कापून, झाकून ठेवला आणि बसून राहिलो. त्या उठल्या नाहीत.

तेव्हापासून मी भट्टी पेटवलेली नाही. बरणीला मात्र रोज पीठ घालतो, सवयीने. पुतणीला ते जमण्यासारखे नसेल तर तिने बरणी खुशाल ओतून टाकावी. हे मी मनापासून लिहीत आहे.

कलम ७. अंत्यविधी. साधा करावा. कोणी वाजवायला येतो म्हटले तर येऊ द्यावे, पण त्याला आधी जेवायला घालावे. ढब्बूला पहिल्या रांगेत, पाय लांब करता येईल अशा जागी बसवावे. वहिनी हयात असेपर्यंत तो त्यांच्या दारात गेला नाही आणि त्यांनीही बोलावले नाही. मी मध्ये पडून बघितले, यश आले नाही. ब्रेक गेला होता, त्यात त्याचा काडीचा दोष नव्हता, हे मी इथे लेखी देऊन ठेवतो. हा कागद सर्वांसमोर वाचताना हे वाक्य मोठ्याने वाचावे.

कलम ८. तारीख. मागच्या आठवड्यात पुतणी आली होती. माझी औषधे डबीत भरता भरता तिने विचारले, "काका, आई गेली. आता त्या दिवशी मी येऊ का तुझ्याकडे? आणि मग तुझ्यानंतर काय करायचं? मला बाबांचा चेहरासुद्धा फोटोतलाच आठवतो." मी म्हटले, बघू. उत्तर आता देतो.

माझी स्थावर-जंगम सगळी मिळकत मी वर वाटून टाकली आहे. ती तारीख मी कोणालाही देत नाही. माझ्या पश्चात ती कॅलेंडरातल्या इतर तारखांसारखी एक असावी. त्या दिवशी पुतणीला काम असेल तर तिने कामावर जावे. कोणाच्या घरी लग्न असेल तर नवे कपडे घालून जावे आणि पोटभर जेवावे. काही नसेल तर पडदे धुवावेत. आणि चार दिवसांनी भाजी चिरता चिरता एकदम आठवलेच, तर हातातले काम पुरे करावे. तिची आई घाबरली होती. तिने घाबरू नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला, वकीलबाईंकडून वाचून घेतला, आणि तो बरोबर आहे.

सही: अकॉर्डियन वाजवणारा
(सही वाकडी आली आहे ती हातामुळे. साक्षीदारांनी दुसरा अर्थ काढू नये.)

आम्ही खालील दोघांनी त्यांना आमच्यासमोर सही करताना पाहिले, आणि त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या. आम्हा दोघांना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही.

साक्षीदार पहिले: पियानोचे सूर जुळवणारे, समोरच्या इमारतीतले
साक्षीदार दुसऱ्या: कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या बाई

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो