दहाव्या दिवसाची टाचणी

२४ ऑगस्ट २०२५

वर आला. साडेनऊला ह्यांच्या ऑफिसातल्या कृष्णकांतचा मेसेज — अक्षांश, रेखांश, आणि "दोन हजार मीटर खाली जाऊन आला, वैनी. तब्येत उत्तम." भिंतीवरच्या समुद्राच्या नकाशात टाचणी हलवली. जेमतेम अर्धं बोट उत्तरेला.

पुष्कर समोरच चहा घेत होता. म्हणाला, "आई, ती बॅटरीवर चालणारी नळी आहे."

मला माहीत नाही होय? माणसाएवढी उंच, पिवळी. फ्लोट म्हणतात. ह्यांनी नोकरीतल्या शेवटच्या सफरीत जहाजावरून बंगालच्या उपसागरात सोडलेला. हजार मीटर खोल वाहत राहतो. दर दहाव्या दिवशी दोन हजारापर्यंत बुडी मारतो, मग पाण्याचा खारटपणा नि तापमान मोजत वर येतो, उपग्रहाला खुशाली कळवतो आणि परत खाली. हे जाऊन वर्ष होईल. तो अजून कळवतोय.

पुष्करचं तेच — मैलापूरचं हे घर सोड, तांबरमला आमच्याकडे ये. "हा बंद पडला की येशील?"

येईन म्हटलं. बोलून गेले.

३ सप्टेंबर

वर आला. पाव बोट.

ह्यांच्या कपाटातलं जाड इंग्रजी पुस्तक चालू आहे. अकरावी नापास बाई मी, दिवसाला दोन पानं, शब्दकोश मांडीवर. आज वाचलं की बंगालच्या उपसागराचा तळ म्हणजे हिमालयच. गंगा-ब्रह्मपुत्रेनं झिजवून आणलेला गाळ श्रीलंकेच्याही दक्षिणेपर्यंत पसरलाय. काही ठिकाणी थर सोळा किलोमीटर जाड! म्हणून उत्तरेला जावं तसा समुद्र उथळ होत जातो.

फोनवर कृष्णकांतला म्हटलं, "साहेबांनी पंचवीस वर्षं मला काशीला न्यायचं कबूल केलं होतं. दर वेळी जहाज आडवं आलं. आता बघ, तुझा फ्लोट एकटाच गंगेकडे निघालाय."

तो हसला. ह्यांच्या हाताखाली अठरा वर्षं होता. घरचं तंजावरचं मराठी, वाक्याच्या शेवटी सूर वर जातो, त्यामुळे साधं बोलला तरी विचारल्यासारखं वाटतं. "जाऊ दे की, वैनी," म्हणाला.

१३ सप्टेंबर

वर्षश्राद्ध झालं. पुष्करनं नीट केलं सगळं. कृष्णकांत जेवायला होता. खीर आवडते त्याला, पण दुसऱ्यांदा घेतली नाही. आजची जागा विचारली तर म्हणाला, उद्या पाठवतो.

१४ सप्टेंबर

आली जागा. एक बोट उत्तरेला.

२३ सप्टेंबर

वर आला. दोन बोटं! ओढ लागली म्हणायची.

३ ऑक्टोबर

पुन्हा दोन बोटं.

पावसाळ्यानंतर नद्या एवढं पाणी आणतात की उपसागराच्या वरच्या थराचा खारटपणा कमी होतो. हलकं पाणी वर तरंगतं, जड खाली, आणि दोन्ही सहज मिसळत नाहीत. वाचून पुस्तक मिटलं. माझंही असंच चाललंय. वर भाजी निवडते, लोकांशी बोलते.

रुचिराचा फोन. सूनबाई प्रेमानंच बोलते. "आई, खोली तयार आहे. फक्त नकाशाचं बघू हं, नवा रंग दिलाय, भिंतीला खिळा नको."

इथल्या भिंतीवर न्हाणीघराच्या वाटेत खांद्याच्या उंचीला एक काळपट डाग आहे. हे सफरीवरून आले की दोन दिवस जमीन हलते म्हणायचे. भिंतीला हात लावत चालायचे. तेलाचा हात असायचा. कितीदा बोलले असेन त्यावरून. घराला रंग दिला तेव्हा तेवढी जागा मीच सोडायला सांगितली.

१३ ऑक्टोबर

वर आला. गुडघा दुखतोय.

२३ ऑक्टोबर

टाचणी टोचली. मग तिच्याखालचा आकडा दिसला. नकाशात जागोजागी खोली छापलेली आहे. तिथे १५४०. मेसेजमध्ये "दोन हजार मीटर खाली जाऊन आला."

चष्मा पुसला. भिंग घेतलं. पट्टी लावून अक्षांश दोनदा तपासला. १५४०च.

साडेचारशे मीटर गाळात शिरून आला?

मागच्या टाचण्यांची भोकं बघितली. वर्षभर अर्धं बोट, पाव बोट. श्राद्धानंतर एकदम धाव.

आमटी करपली.

२६ ऑक्टोबर

कृष्णकांतला फराळाला बोलावलं. दोन चकल्या खाऊ दिल्या, मग नकाशासमोर नेलं. "इथला तळ किती रे?"

वाकून बघितलं त्यानं. "अय्यो," एवढंच म्हणाला.

"कधीपासून?"

"श्राद्धादिवशी यायचा होता, वैनी. आलाच नाही. तुमच्या हातचं जेवत होतो, कसं सांगू?"

"आणि गंगेकडे कोणी पळवला?"

"साहेबांचं तेवढं राहिलं होतं ना. दिवाळीनंतर मुखापाशी पोचवणार होतो."

"तळ न बघता? अठरा वर्षं काय शिकवलं तुला ह्यांनी?"

तो रडत होता की हसत होता, कळेना. मीही तशीच.

जाताना चपला घालत म्हणाला, "पुष्करला माहीत नाही. तुम्ही म्हणाल तोवर पाठवत राहतो. खोली बघून पाठवेन." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

२९ ऑक्टोबर

कोणाला कळणार आहे? दहा दिवसांनी एक मेसेज. राहीन इथे वर्षभर सहज. ह्यांचा हात लागलेली भिंत आहे.

पण काशीचं राहिलं म्हणून ह्यांच्यावर मी किती रुसले. शब्द दिला की पाळावा, हे मीच सुनवायची.

२ नोव्हेंबर

दहावा दिवस. टाचणी काढून तीन सप्टेंबरच्या भोकात परत टोचली. पुष्करला फोन केला. म्हटलं, फ्लोट बंद पडलाय, सप्टेंबरातच. तो हळूच म्हणाला, "पुढच्या रविवारी येऊ न्यायला?" ये म्हटलं. नकाशाला एक खिळा मात्र लागेल.

"मी मारतो, आई."