न निघणारा जांभळा

३ मार्च
रंगाच्या कारखान्यात आज जांभळा माल. बुटाला भोक, त्यामुळे पाय रंगले — त्यात नवीन काय! अंगठ्याचं नख मात्र सुधारतंय. बुरशीच्या गोळ्या सुरू करून तीन आठवडे झाले. जाऊबाईंच्या नखालाही तीच बुरशी; माझ्याच शेजारच्या टाकीवर उभ्या असतात ना, दिवसभर ओल्यात. माझ्या गोळ्यांतल्या दोन पट्ट्या त्यांना दिल्या. दवाखान्याच्या रांगेत दोघींनी कशाला ताटकळायचं!

५ मार्च
जाऊबाई पंधरा दिवस माहेरी गेल्या. गोळ्या आठवणीने पिशवीत टाकल्या मी. टाकीवर करमत नाही.

९ मार्च
शिंतोडे पोटरीपर्यंत! साबण झाला, लिंबू झालं, शेवटी पाय घासायचा दगड. निघेचना. हे म्हणाले, "आता तुलाच दोरीवर वाळत घालतो." ओला टॉवेल फेकून मारला. नेम चुकला.

१० मार्च
ठिपके वाढले. आणि आज तर माल पिवळा होता! बोट फिरवलं की उंचवटे लागतात.

११ मार्च
डॉक्टरीणबाईंनी ठिपक्यांवर काच दाबली. रंग फिका पडेना. "हा रंग नाही हो. कातडीतल्या रक्तवाहिन्यांना सूज आलीय. या गोळ्यांमुळेच असणार. आजपासून बंद!" कधीकधी मूत्रपिंडालाही धक्का बसतो म्हणे. रक्त, लघवी तपासायला दिली.

"घरात आणखी कुणी घेतंय का या गोळ्या?"

मी नाही म्हणाले. बोलणी कोण खाणार! जाऊबाई आल्या की सांगेन.

१४ मार्च
तपासण्या स्वच्छ! मूत्रपिंडं शाबूत! आठवडाभर कामाला सुट्टी, पाय उशीवर. हे स्वयंपाक करतात आणि दर पाच मिनिटांनी मीठ कुठंय विचारतात. मी पडल्या पडल्या हुकूम सोडते. लग्न झाल्यापासून इतकं सुख कधी मिळालं नव्हतं. खरंच.

१८ मार्च
ठिपके तपकिरी पडून विरत चाललेत. मजेत आहे. जाऊबाईंना फोन करायचा राहिलाच — परवा येतीलच म्हणा.

२० मार्च
जाऊबाई आल्या. मोरीत बसून दगडाने पोटऱ्या घासत होत्या. वर हसत म्हणाल्या, "बघ गं, पंधरा दिवस टाकीकडे फिरकले नाही, तरी आपला जांभळा काही सुटत नाही!"

दगड हिसकावून घेतला. चपला घातल्यात. डॉक्टरीणबाईंना आता 'हो' म्हणायचंय.