‘सोबत’ची माउथ पब्लिसिटी

३ जून, दुपारी
आयुष्य बदललं ते आज, झेरॉक्सच्या दुकानासमोर. ती म्हणाली, तू नुसता बोलतोस. ठीक आहे. बोलण्यावरच धंदा उभा करीन. ‘सोबत’: प्रेमात सोडून दिलेल्यांची ऑनलाइन कम्युनिटी. जाहिरात शून्य. पहिला महिना फुकट, मग फी. तोंडातोंडी एक दिवस तिच्या कानावर जाईलच. कॉलेज सोडलं ते बरंच झालं.
ऑफिस: बाबांची खुर्ची. ते गेल्यापासून रिकामीच होती. आई मशीनवर शिवत राहिली.

९ जून
सभासद एक. मीच. नियम केला: आत येताना कोणाकडून कळलं ते लिहायचं. डेटा महत्त्वाचा.

१७ जून
एकदम अकरा. सगळ्यांनी लिहिलंय, ‘शिवणवाल्या ताईंकडून.’ आईला जाब विचारला. म्हणाली, माप देताना बायका रडतात रे, मग सांगते, माझ्या मुलाकडे जा, तो ऐकून घेतो. माझा ऑडियन्स तरुण आहे, असं ओरडून सांगितलं. म्हणाली, दचकवू नकोस, तोंडात टाचण्या आहेत.

२२ जून
प्रेमभंगावर एक अक्षर नाही. एक आजी लिहितात, ह्यांचा खोकला अजून बाथरूममधून येतो. रिटायर्ड पोस्टमन बायकोचा चष्मा रोज पुसतात, धूळ बसली तर तिला दिसणार कसं. ‘टाचणी’ नावाची कोणी लिहिते: ‘हे जाताना दार दोनदा ओढायचे, पहिल्यांदा बसायचंच नाही. मला अजून पहिला आवाज येतो. दुसऱ्यासाठी थांबून राहते.’
भुताखेतांचा ग्रुप झालाय. उद्या पन्नाशीपुढचे सगळे बाहेर.
संध्याकाळी खुर्ची करकरली. मी तेव्हा उभा होतो. लाकूड दमट हवेत फुगतं.

२३ जून
कोणाला काढलं नाही. धंद्यात घाई नको.

३० जून
ती आली. स्वतःहून. प्लॅन सक्सेसफुल.
कोणाकडून कळलं: ‘शिवणवाल्या काकूंकडून, लग्नाचे कपडे टाकायला गेले तेव्हा.’ पुढे: ‘आजीसाठी जॉइन झालेय, आजोबा गेल्यापासून ती झोपत नाही. ॲडमिनना सांगा, रोजच्या कविता बंद करा, आजीला कळत नाहीत.’

तोच दिवस, नंतर
आईला म्हटलं, तिचे कपडे तू शिवणार नाहीस. म्हणाली, बाह्या जोडूनसुद्धा झाल्या, आणि तुझे बाबाही असेच तणतणत निघायचे. मग मी निघालोच. जिन्यात बसून लिहितोय. जाताना दार ओढलं, बसलं नाही. पुन्हा ओढलं. आत मशीन एकदम थांबलं.
दोरा तुटला असेल.